बाबांसाठी घरीच माणूस ठेवावा का?

प्रश्न: बाबा ८१, डाव्या अंगाला पक्षाघात. आधाराने बसतात, उभं राहता येत नाही. लघवीची नळी आहे. आई ७६. दुसरा मजला, लिफ्ट नाही. ब्युरोकडून (घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणारी संस्था) २४ तासांचा एक माणूस ठेवला तर निभेल का?

सिस्टर_पुणे: एकाने नाही निभणार. दर दोन तासांनी कूस बदलायची तर तो झोपणार कधी? मग पहाटेची कूस चुकते आणि माकडहाडावर जखम होते. १२-१२ तासांचे दोघे धरूनच खर्च मांडा. एअर बेडचा (अशा जखमा टाळायला वापरतात ती हवेची गादी) पंप इन्व्हर्टरवर घ्या. गादी आणि पंपाच्या मध्ये नळी मुडपलेली नाही ना, रोज बघा.

निशिगंध: अटेंडंट अंग पुसेल, डायपर बदलेल, भरवेल. नळी बदलणं मात्र प्रशिक्षित नर्सचंच काम. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. उचलताना लुळा हात कुणीही ओढू नये, खांदा निखळतो. पहिल्याच दिवशी बजावा.

प्रश्नकर्ता: आणि बाथरूम?

कोपरा: टेप घेऊन दार मोजा. व्हीलचेअर साधारण २५ इंच रुंद असते, जुन्या फ्लॅटांत दार बऱ्याचदा त्याहून अरुंद. खुर्ची आत जात नसेल तर पलंगाशेजारी कमोड खुर्ची. खरी अडचण जिन्याची आहे: फिजिओ, रक्ततपासणी घरी येतात, एक्स-रेला खाली न्यायला दोन-तीन दणकट माणसं लागतात.

सिस्टर_पुणे: रजेला बदली माणूस कोण देणार, हे ब्युरोकडून लेखी घ्या. तेवढंही मिळत नसेल तर आईंवर भार टाकण्यापेक्षा केअर सेंटर बरं.