शब्दचर्चा : लायनफिशला ‘विषारी’ म्हणावं का?

प्रश्न (बडोदा) : मुलीला शाळेसाठी प्रवाळ खडकांवरच्या प्राण्यांचा तक्ता करायचाय. शाळा गुजराती, तिथे लायनफिशपुढे ‘झेरी’ लिहून दिलंय. घरी तिने मराठीत ‘विषारी’ लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, विषारी असेल तर लोक तो खातात कसा? नेमका शब्द सुचवाल का?

उत्तर : ताई, सासूबाईंची शंका रास्त आहे. आपण धोतऱ्यालाही विषारी म्हणतो आणि नागालाही. धोतरा पोटात गेला की बाधतो, नाग डसला की विष भिनतं. लायनफिश नागाच्या बाजूचा. त्याचं विष मांसात नाही, काट्यांत आहे : पाठीवर साधारण 13, पोटाखाली 2, शेपटीकडे 3. काट्याच्या दोन्ही अंगांना खोबणी, खोबणीत विषग्रंथी, वरून पातळ कातडी. काटा रुतला की कातडी मागे सरकते आणि विष जखमेत उतरतं. बाजूचे पंख्यासारखे पर दिसतात भयंकर, पण त्यांत विष नसतं. लाल-पांढरे पट्टे म्हणजे ‘लांब राहा’ हा इशारा.

हे विष प्रथिनांचं, उष्णतेने निकामी होतं. म्हणून काटा लागलेला हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरतात आणि मग डॉक्टर गाठतात. काटे कापले की मासा खाता येतो. फ्लोरिडाजवळ हा परका मासा 1985 मध्ये प्रथम दिसला, पुढे बेसुमार वाढला. आता तिकडे मुद्दाम पकडून खातात. केंड मासा मात्र नेमका उलटा. त्याचं विष यकृतात आणि अंडाशयात, शिजवूनही जात नाही.

प्रश्न : मग ‘दंशविषारी’ चालेल?

उत्तर : मला नाही पटत. दंश म्हटला की दात नाहीतर नांगी डोळ्यापुढे येते, आणि हा मासा चावत नाही, टोचतो. ‘विषकाट्यांचा मासा’ म्हणा, लगेच कळतं.

आणखी एक : कोकणात पाकट खातातच की! त्याच्याही शेपटीत विषारी काटा असतो. सासूबाईंना हे सांगा, त्यांना पटेल. तक्त्यावर सरळ लिहा : ‘लायनफिश. काट्यांत विष, मांसात नाही.’