1973 ची महिंद्रा पिकअप: प्राइमरपासून शेवटच्या हातापर्यंत घरी रंगवायची आहे

पलूसकर_73

नमस्कार मंडळी. पलूसजवळ, घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिंद्राची 1973 ची पेट्रोल पिकअप पूर्ण करायला घेतली आहे. नोंदणी खासगी आहे. चेसी, इंजिन, ब्रेकचं काम संपलं. केबिनचा तळ आणि दोन्ही दारांच्या खालच्या पट्ट्या नवीन पत्र्याने वेल्डिंग करून घेतल्या. केबिन आणि हौद्याचा सांगाडा ब्लास्टिंग करून त्याच दिवशी टू-पॅक (म्हणजे घट्ट करणारा हार्डनर मिसळून मारायचा) इपॉक्सी प्राइमर मारला, त्याला आता तीन आठवडे झाले. बॉनेट, मडगार्ड, दारं अजून जुन्या रंगात आहेत. जुना रंग कुठला, ते ठाऊक नाही.

कॉम्प्रेसर 2 एचपीचा, टाकी 100 लिटरची, गनला 1.4 चा नोझल. रंग मिलिटरी हिरवा द्यायचा विचार आहे.

प्रश्न असे. पुट्टी इपॉक्सीवर भरायची की उघड्या पत्र्यावर? ड्युको (थिनर उडून वाळणारा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग) घ्यावा की पीयू (हार्डनर घालायचा पॉलियुरेथेन रंग)? किती लिटर लागेल? आणि शेडच्या मागे उसाचं रान आहे, तर कुठल्या महिन्यात उरकावं?

पत्रेकाम_कराड

आधी बॉनेट-दारांचं बघू. ती ब्लास्टिंगला देऊ नका. केबिनच्या कोपऱ्यांना, सांगाड्याला ब्लास्टिंग चालतं, पण बॉनेटसारखा सपाट पत्रा वाळूच्या माऱ्याने ताणला जातो आणि मधोमध डबक-डबक करायला लागतो. तो पुन्हा ताठ करणं फार अवघड. रिमूव्हर लावून खरवडा, राहिलेलं 80 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा.

जुना रंग कुठला ते आत्ता पाच मिनिटांत कळेल. कापसाच्या बोळ्यावर एनसी थिनर घेऊन दाराच्या आतल्या कडेला अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर ड्युको. सुरकुत्या पडून फुगला तर सिंथेटिक इनॅमल. ढिम्म हलला नाही तर टू-पॅक. इनॅमल निघाला तर तो मुळापासून काढायचाच. त्यावर ड्युको किंवा पीयू गेला की थिनर खाली शिरतो आणि सगळा रंग उकलून वर येतो.

गंज काढायला अ‍ॅसिडचं पाणी वापरणार असाल तर नंतर भरपूर पाण्याने धुऊन पत्रा लगेच गरम हवेने वाळवा. अ‍ॅसिडचा अंश राहिलेल्या पत्र्यावर इपॉक्सी धड धरत नाही, काही महिन्यांनी पापुद्रा सुटतो.

पुट्टी इपॉक्सीवरच भरा. उघड्या पत्र्यावरही ती बसते, पण खाली ओल पोचली तर पत्र्याला राखायला काहीच नसतं. मात्र तुमच्या प्राइमरला तीन आठवडे झालेत, म्हणजे त्यावर थेट दुसरा थर देण्याची मुदत टळली आहे. डब्यावर ती मुदत लिहिलेली असते. आता सगळीकडे 180 च्या पेपरने मॅट करा, चमक कुठेही राहता कामा नये. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. एका फडक्याने ओलं करायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकाच फडक्याने घासलं तर तेल निघत नाही, नुसतं पसरतं.

हार्डनर वजनकाट्यावर मोजा: 100 ग्रॅम पुट्टीला 2 ते 3 ग्रॅम, त्यापलीकडे नाही. लवकर वाळावी म्हणून जास्त घातलेला हार्डनर वाया जात नाही, तो वरच्या रंगात पिवळट-लालसर डाग होऊन फुटतो, आणि रंग झाल्यावर त्याला इलाज नाही. रेघोट्या दिसेनाशा होईपर्यंत पात्यावर दाबून मळा, फेटू नका. फेटल्यावर हवा शिरते आणि घासताना सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडतात. जाडी 2 ते 3 मिलिमीटरच्या आत ठेवा. त्याहून खोल पोचा असेल तर आधी हातोडी-ठोकळ्याने पत्रा वर आणा.

घासताना बोटांनी पेपर दाबू नका, बोटांच्या नाल्या उमटतात. फूटभर लांबीची सरळ लाकडी पट्टी घ्या, तिला पेपर गुंडाळा आणि तिरकं, उलटसुलट चालवा. 80, 120, 180, मग 240. वरून काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून घासलं की खड्ड्यात काळं उरतं, उंचवट्यावर पुसलं जातं. डोळ्याला न दिसणारी लाट तिथे दिसते.

एक महत्त्वाचं: सरफेसरच्या (रंगाखालचा, घासून गुळगुळीत करायचा जाड प्राइमर) आधी सगळी गाडी एकदा जोडून बघा. बिजागऱ्या, बॉनेटचा खटका, दारांच्या फटी. फट जुळवायला कड घासायची किंवा भरायची असते, ते रंगानंतर करता येत नाही.

रंगारी_मिरज

ड्युको की पीयू, याचं उत्तर गाडी कुठे उभी राहणार यावर आहे. ड्युको पटकन वाळतो, धूळ बसायला वेळच मिळत नाही, ओघळ आला तरी घासून बफ करता येतो, कुठे खरचटलं तर तेवढाच तुकडा मारता येतो. घरी पहिल्यांदा गन धरणाऱ्याला तो सोपा. पण थर पातळ बसतो, सहा-सात हात द्यावे लागतात, पेट्रोल सांडलं की डाग पडतो, आणि दमट हवेत मारला की पांढरट झाक येते. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते, त्याची ती झाक. पीयू उन्हापावसाला आणि पेट्रोलला कितीतरी सरस. उघड्यावर फिरणारी पिकअप असेल तर मी पीयूच म्हणेन, फक्त मास्कचं नीट जमत असेल तरच.

हिशेब असा धरा. केबिन, दारं आतून-बाहेरून, बॉनेट, मडगार्ड, हौद्याच्या बाजू मिळून साधारण 20 चौरस मीटर. फवारायला तयार पीयूचा एक लिटर, 50 मायक्रॉन वाळलेल्या थराला कागदावर 10 चौरस मीटर पुरतो. गनमधून निम्मा हवेत जातो, म्हणजे हाती 5 आले. 20 ला 4 लिटर तयार मिश्रण. चारास एक हार्डनर आणि 10 टक्के थिनर धरलं तर मूळ रंग 3 लिटर होतो. तुम्ही 4 लिटर घ्या आणि सगळे डबे एका बादलीत ओतून एकजीव करून ठेवा. डब्याडब्यात छटेचा फरक असतो, तो दार आणि केबिन शेजारी आल्यावरच दिसतो. हार्डनरचं प्रमाण कंपनीनुसार बदलतं, डब्यावरचंच पाळा.

सरफेसर टू-पॅक घ्या, तीन हात, दोन हातांमध्ये 10-15 मिनिटं. नोझल 1.7 किंवा 1.8 चा लागेल, 1.4 मधून सरफेसर धड उडत नाही. रात्रभर नव्हे, थंडीत दोन-तीन दिवस राहू द्या. ओला असताना घासला तर नंतर आकसतो आणि महिन्याभराने उन्हात पुट्टीच्या कडा अन् पेपरचे ओरखडे रंगातून दिसायला लागतात. शेवटचा पेपर 600.

कॉम्प्रेसर तुमचा लहान आहे. 2 एचपी साधारण 6 ते 8 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो, एचव्हीएलपी गन (कमी दाबाची, पण जास्त हवा खाणारी) 10 ते 14 मागते. सुरुवात छान होते, मध्येच दाब उतरतो आणि तिथपासून रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो. दोन वाटा आहेत: 4 ते 6 सीएफएमवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या, किंवा गाडी सुटी करून एका वेळी एकच भाग मारा. साध्या रंगाला सुटे भाग चालतात, मेटॅलिकला चालत नाहीत. पाण्याचा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका, तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफ होऊन पुढे निघून जातं. मध्ये सात-आठ मीटर पाइप सोडून लावा आणि टाकी रोज सकाळी रिकामी करा.

आता महिना. जून ते सप्टेंबर सोडाच. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम, मागच्या रानात किंवा शेजारच्या फडात पाचट पेटवलं की काजळी उडत येते आणि ओल्या रंगात रुतून बसते. बोटाने टिपायला गेलात तर काळी रेघ होते. तुमच्या भागातली तोड उरकल्यावर, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा बरा. सकाळी दहाच्या आत सुरुवात, एकच्या आत शेवटचा हात. ऊन तापू लागलं की स्लो थिनर घ्या, नाहीतर वरचा थर आधी वाळतो आणि आतला थिनर बुडबुडा होऊन फुटतो. जानेवारीतच मारायचा असेल तर दव लक्षात घ्या: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश जास्त हवं, आणि दुपारी तीनच्या पुढे गन हातात घेऊ नका.

पहिला हात विरळ, नंतर दोन भरून. गन 15-20 सेंटिमीटरवर, पत्र्याला काटकोनात, मनगट न वळवता हात सरळ न्यायचा. पुढचा हात कधी द्यायचा ते मास्किंग टेपवर पडलेल्या रंगाला बोट लावून बघा. तार सुटली तर थांबा, नुसतं चिकटलं तर द्या.

एमएच10_आरसी

रंगाबद्दल थांबा, पलूसकर. ऑलिव्ह ग्रीन संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम 121. खासगी गाडीला तो देता येत नाही. बाटलीसारखा गडद हिरवा किंवा राखाडी निवडा, आणि आरसीवरचा रंग बदलत असेल तर आरटीओत नोंद करून घ्या.

गाडी 50 वर्षांपुढची आणि खासगी नोंदणीची असल्याने 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीही मिळू शकते. क्रमांकात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच. शेतमाल आणायला वापरणार असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

पलूसकर_73

सगळ्यांचे आभार. हिरवा रद्द, राखाडी देतो. जुना रंग इनॅमलच निघाला, पूर्ण खरवडला.

एक अडचण आली. उजव्या दारावर नमुना म्हणून पुट्टी भरून, वॉटर पेपरने घासून, संध्याकाळी सरफेसर मारला. दोन दिवस उन्हात ठेवल्यावर खालच्या भागात मोहरीएवढे फोड आलेत. वरच्या भागात, जिथे पुट्टी नाही, तिथे एकही नाही. सरफेसर खराब निघाला का?

पत्रेकाम_कराड

सरफेसर निर्दोष आहे. फोड फक्त पुट्टीच्या जागी आलेत, यातच उत्तर आलं. पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी स्पंजासारखी पिते. तुम्ही पाण्याने घासली, वरून कोरडी दिसली, संध्याकाळी सरफेसरने झाकली. उन्हात आतलं पाणी वाफ झालं, त्याने थर उचलला. सुईने एक फोड टोचून बघा, खाली ओलसर किंवा फिकट दिसेल. खाली तपकिरी दिसलं तर मात्र गंज आहे आणि तिथे पुन्हा पत्र्यापर्यंत जावं लागेल.

बऱ्याच गॅरेजात पुट्टीवर पाणी मारूनच घासतात, कारण धूळ उडत नाही. धुळीसाठी तोंडाला मास्क बांधा, पण पुट्टी कोरडीच घासा. वॉटर पेपर फक्त सरफेसरवर, तोही कुठे पुट्टी उघडी पडली नसेल तिथेच.

या दारावरचा सरफेसर 120 ने पूर्ण काढा, पुट्टी काढून नवी भरा. नुसते फोड घासून वरून हात दिलात तर ते पहिल्या पावसात परत येतील.

श्वास_आधी

वर मास्कचं एका ओळीत आलं, तेवढ्यावर भागत नाही. पीयूच्या आणि टू-पॅक सरफेसरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की नंतर थोडासा वासही झटका आणतो. कापडी किंवा एन-95 मास्क याला काहीही अडवत नाही. कार्बनच्या डब्यांचा मास्कही भरवशाचा नाही, कारण डबा संपला तरी वासाने कळत नाही. खरा उपाय म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क, आणि ती हवा वेगळ्या, तेलविरहित कॉम्प्रेसरची. तुमच्या रंगाच्या कॉम्प्रेसरची नव्हे, त्यात तेलाची वाफ येते. हातात नायट्राइलचे मोजे, अंग पूर्ण झाकलेलं.

हे जमत नसेल तर इपॉक्सी आणि पुट्टीपर्यंत घरी करा आणि सरफेसर-रंगाला सुटे भाग बूथ असलेल्या गॅरेजात न्या. किंवा टू-पॅक सरफेसर तेवढा बाहेर मारून घ्या आणि वर घरी ड्युको द्या. ड्युकोलाही कार्बनचा मास्क लागतोच, पण आयसोसायनेट नसतं.

शेडमधला कडबा, चूल, इन्व्हर्टरची बॅटरी बाहेर काढा. थिनरची वाफ जमिनीलगत साठते आणि एका ठिणगीने पेटते, त्यामुळे साध्या मोटरचा पंखा वाफेच्या वाटेत लावू नका. आणि त्या दिवशी मुलांना शेडकडे फिरकू देऊ नका.

हौदा_वाई

हौद्याचं कुणी बोललं नाही. फळ्या बसवण्याआधी आडव्या पट्ट्यांचा वरचा अंग रंगवून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. फळी आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी द्या. फळ्यांना खालून, वरून आणि मुख्य म्हणजे कापलेल्या टोकांना जवसाचं तेल पाजा, पाणी टोकातूनच आत ओढलं जातं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. दोन फळ्यांत 3-4 मिलिमीटर फट सोडा, पावसाळ्यात लाकूड फुगतं.

सांध्यांना पीयू सीलर इपॉक्सीनंतर, सरफेसरच्या आधी भरा. सिलिकॉन शेडमध्ये आणूच नका, टायर पॉलिशसुद्धा नको. त्याचा अंश पत्र्यावर बसला की रंग तिथून गोल-गोल बाजूला सरतो.

दाराच्या तळाला पाणी जायची भोकं आहेत, ती सीलरने बुजली असतील तर खिळ्याने मोकळी करा. दारांच्या आतलं मेण रंगानंतरच फवारा, आधी मारलं तर झिरपून कडांवर येतं आणि रंग धरत नाही.

मास्किंग टेप रंग पूर्ण वाळायच्या आत, त्याच दिवशी, मागे दुमडून तिरकी ओढा. बसलेली धूळ दोन दिवसांनी 2000 च्या ओल्या पेपरने आणि कंपाउंडने काढा. रबर बीडिंग आठवड्याने, मेणाचं पॉलिश महिन्याने. बिजागऱ्यांच्या बोल्टखाली नायलॉन वॉशर घाला, आणि पाना फिरवताना भोवती टेपचे दोन पदर लावून ठेवा.