तुमच्या ओळखीतले फौजी : आठवणी, किस्से

जिरेसाळ
काल 16 डिसेंबर, विजय दिवस. बातम्या लागल्या आणि आमच्या आळीतले हवालदार काका आठवले. श्रावणात गेले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतून एकाहत्तरची लढाई लढून आले, निवृत्तीनंतर एसटीवर ड्रायव्हर. खंबाटकीत एखादी म्हातारी घाबरून देवाचं नाव घ्यायला लागली की मागं न बघता म्हणायचे, "आजी, सीटखाली पॅराशूट आहे. फक्त ते उघडायचं कसं, हे कंडक्टरलाबी म्हाईत न्हाई." आम्ही पोरं विचारायचो, काका, लढाईत काय केलं? "खंदक खणलं. तेवढं गावात खणलं असतं तर हिरीला पाणी लागलं असतं." यापुढं कधी बोललेच नाहीत. तुमच्याकडेही असं कोणी असेल, तर लिहा.

घाटावरची
वाचून हसले आणि मग डोळेच भरले. माझे आजेसासरे मराठा लाइट इन्फंट्रीतलेच. घरी आले की आधी बूट पॉलिश, मग चहा, मग सुनांची चौकशी. नव्वदीत पण मिशी स्वतः कातरायचे, छोटी कात्री, खिडकीला टेकवलेला आरसा, कोणी हात लावायचा नाही. कुकर झाला, नंतर लिहिते.

पक्या_कराडकर
जंगी पलटण म्हणजे पहिली मराठा. जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) होते का काका? तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. 11 डिसेंबरला जमालपूर पडलं, पाच दिवसांनी ढाका.

जिरेसाळ
@पक्या होय, जमालपूरच! चिठ्ठीचं कुणी काढलं की काका म्हणायचे, "गोळी आली, पण तिकीट न लावता. बैरंग!"

पक्या_कराडकर
😂😂 बैरंग

मावळतीकर
आमच्या सोसायटीचे वॉचमन आजोबा महार रेजिमेंटचे. रात्री गेटवर कुत्र्यांची हजेरी घ्यायचे, नावानिशी. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, तर म्हणायचे, "बायको रोज सांगते अजून हाय म्हणून, तिचं सरकार ऐकत न्हाई." ते गेल्यावर चार दिवस कुत्री गेटपासून हलली नाहीत. नवीन वॉचमनला अजून हजेरी जमत नाही.

सई_पुणे
विषयांतर करते, माफ करा. काकूंचं फॅमिली पेन्शन झालं का सुरू? माझ्या आत्याचं अडकलं होतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, बँकेत हेलपाटे घालत बसू नका. डिस्चार्ज बुक आणि मृत्यूचा दाखला सोबत न्या.

जिरेसाळ
थँक्यू सई. मुलाला सांगते. पुस्तक बहुतेक ट्रंकेत असेल. काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नंबर. काकू म्हणतात, किल्ली त्यांनी कुठं ठेवली देव जाणे.

घाटावरची
आले. ट्रंकेची किल्ली हमखास देव्हाऱ्यामागं असते, आमच्याकडे तरी. बाकी आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत काय निघालं माहितीये? कँटीनची रम, न फोडलेली. सासूबाईंनी केकसाठी ठेवली म्हणे.

मावळतीकर
केक झाला का मग?

घाटावरची
बाटली रिकामी झाली. केक अजून व्हायचाय.