मदत हवी आहे: शिळावर्तुळं शोधणारं मॉडेल संत्र्याच्या आळ्यांवर तुटून पडतंय

राजेहो, थोडी मदत पाहिजे.

नागपूरभोवतीची बृहदश्मयुगीन शिळावर्तुळं (मोठ्या धोंड्यांची कडी रचलेली प्राचीन दफनं) बहुतेकांना ठाऊक असतील. उपग्रहाच्या चित्रांतून ती शोधणारं संगणकाचं मॉडेल बनवतोय. काटोल रोडवरच्या जुनापाणीला एकाच ठिकाणी ३०० च्या आसपास आहेत. शिवाय माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड. माहुरझरीच्या उत्खननात घोड्याचे तांब्याचे दागिने निघाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. पण खणलेल्या जागा मोजक्याच. बाकीची वर्तुळं ले-आउट आणि मुरमाच्या खदानींखाली चालली आहेत. त्याआधी निदान नकाशावर तरी यावीत, एवढाच उद्देश.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांचा एक पिक्सेल १० मीटरचा. वर्तुळाचा व्यासही बऱ्याचदा १०-१५ मीटरच, म्हणजे अख्खं वर्तुळ एकदोन ठिपक्यांत संपलं. म्हणून अर्ध्या मीटरची चित्रं मिळवली, हाताने खुणा केल्या आणि यू-नेट (चित्रातला कुठला भाग कशाचा, ते पिक्सेलवार ओळखणारं मॉडेल) शिकवलं. जुनापाणीवर झकास चालतं. हिंगण्याकडे नेलं की विहीर, खळं, पिंपळाचा पार, कुटाराचा ढीग, सगळंच वर्तुळ! काटोलकडे तर संत्र्याचं एक आळं सोडत नाही.

शिकवायची चित्रं फिरवून नमुने वाढवावेत, तर सावलीचं काय करायचं? उपग्रह साधारण सकाळी साडेदहाला जातो, त्यामुळे हिवाळ्यात सावली वायव्येला पडते. चित्र उलटं फिरवलं की ती आग्नेयेला. धोंडा आणि खड्डा यातला फरक तर सावलीवरूनच कळतो. आणि मे महिन्यात वाळल्या गवतात काळे धोंडे उठून दिसतात, पावसाळ्यानंतर सगळं हिरवं. दोन्ही चित्रं एकत्र शिकवावीत का?

(कृपया नुसतं 'डेटा वाढवा' सांगू नका. वर्तुळं काही नवीन बांधता येत नाहीत.)

प्रतिसाद:

भाऊ, आधी सांगा, तपासणी कशी करता? जुनापाणीच्याच चित्राचे तुकडे शिकवायला आणि तपासायला वाटले असतील, तर शेजारचे तुकडे दोन्हीकडे जातात आणि गुण उगाच फुगतात. जुनापाणीवर शिकवा, माहुरझरीवर तपासा. खरा आकडा तिथे दिसेल. तोही अचूकतेचा बघू नका. बहुतेक तुकडे रिकामे असतात, 'काहीच नाही' म्हणणारं मॉडेलही पास होईल. किती वर्तुळं सुटली आणि किती खोटी निघाली, ते मोजा.

संत्र्याचं सोपं आहे. झाडं सहा-सहा मीटरवर रांगेत असतात, आळं त्याहून लहान. मापाची अट घाला. खळी आणि पार मापात बसतात, ते 'वर्तुळ नाही' म्हणून मुद्दाम शिकवा. चित्र दहा-पंधरा अंशांपलीकडे फिरवू नका आणि सध्या उन्हाळ्यातलीच घ्या.

एक विनंती. नव्या जागा सापडल्या तर पुरातत्त्व खात्याला कळवा, अक्षांश-रेखांश इथे टाकू नका. दफनातल्या मण्यांच्या लोभानं कोणी कुदळ घेऊन पोचायला वेळ लागत नाही.