बिघडलेल्या पोलीस खात्याला प्रमुख कोण हवा: खात्यातलाच की बाहेरचा?

माधवी_क

अमेरिकेतल्या आमच्या शहरात नवा पोलीसप्रमुख नेमायचा आहे आणि मी नागरिकांच्या निवड समितीवर आहे. खातं साडेतीनशे अधिकाऱ्यांचं. मारहाणीच्या तक्रारी वाढल्यात, नुकसानभरपाईचे दावे शहराला डोईजड झालेत आणि चौकशी मुदतीत पूर्ण न झाल्यामुळे दोषी अधिकारी मोकळे सुटतात. समितीत सरळ दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, बाहेरचा माणूस आणल्याशिवाय काही हलणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं, बाहेरच्याला माणसं ओळखता येईपर्यंतच दोन वर्षं जातील. अर्ज मागवण्याआधी नेमकं काय तपासायला हवं?

जुनं_दप्तर

आधी खातं कुठल्या पायरीवर बिघडलंय ते शोधा, माणसाचा विचार त्यानंतर. दुखणं वरच्या चारपाच जणांत असू शकतं, सार्जंट-लेफ्टनंटच्या मधल्या फळीत असू शकतं, किंवा पोलिसांच्या युनियनशी झालेल्या करारातच असू शकतं. तिन्हींवर उपाय वेगळे.

मधली फळी तपासायची सोपी रीत सांगतो. गेल्या तीन वर्षांतले बळाच्या वापराचे अहवाल मागवा आणि ते तपासून मंजूर करणाऱ्या सार्जंटने त्यातले किती परत पाठवले ते मोजा. एकही परत गेला नसेल तर तिथे तपासणी होतच नाही, नुसत्या सह्या होतात. मग त्यातले वीसेक अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘संशयिताने आक्रमक पवित्रा घेतला’ हे वाक्य शब्दही न बदलता पाच वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांत सापडलं तर समजून जा. मंजुरीची वेळ बघा: पाळी संपताना दहा मिनिटांत सहा अहवाल मंजूर झाले असतील तर ते कुणी वाचलेले नाहीत. शेवटी बॉडी कॅमेऱ्याच्या (अधिकाऱ्याच्या गणवेशावर लावलेल्या) प्रणालीतली नोंद काढायला सांगा. कुठलं चित्रीकरण कुणी, कधी उघडलं हे तिथे आपोआप नोंदलं जातं. सार्जंटने मंजुरी दिली आणि चित्रीकरण उघडलंच नाही, असं किती वेळा झालं हा आकडा कुठल्याही मुलाखतीपेक्षा जास्त बोलतो.

मुदत टळलेल्या चौकश्यांचंही तसंच. कॅलिफोर्नियात गैरवर्तन कळल्यापासून एका वर्षात चौकशी पूर्ण करून कारवाईची नोटीस द्यावी लागते. काही ठरावीक अपवाद सोडले तर त्यानंतर शिक्षा करता येत नाही. तुमच्या राज्यातली मुदत काय ते शहराच्या वकिलाला विचारा आणि प्रत्येक फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती याचा तक्ता करून घ्या. फायली एकाच टेबलावर अडत असतील तर माणूस बदलून भागेल. सगळीकडे थोड्याथोड्या अडत असतील तर तपास करणारेच कमी आहेत, आणि मग प्रमुख घरचा असो की बाहेरचा, आधी पदं भरावी लागतील.

वरचे लोकच गुंतलेले असतील तर बाहेरचा आणा. मधली फळी ढिली असेल तर दोघांपैकी कुणीही चालेल, पण सार्जंटच्या बदल्या करायचा अधिकार त्याच्याकडे आहे का ते आधी पाहा. एका सार्जंटच्या हाताखाली सहा ते आठ जण असावेत, बारा-पंधरा असतील तर देखरेख कागदावरच राहते. आणि दुखणं करारात असेल तर ते प्रमुखाच्या हातचं नाहीच. महापौर आणि नगर परिषदेनेच वाटाघाटीत तोड काढायला हवी.

पश्चिम_किनारा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक भर हवी. बाहेरचा माणूस एकटा आणू नका.

लॉस एंजेलिसचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९९२ मध्ये फिलाडेल्फियाहून विली विल्यम्स यांना आणलं. चाळीसहून जास्त वर्षांत बाहेरून आलेले ते पहिलेच प्रमुख. वरच्या पदांवर आपली माणसं आणायची त्यांना जवळजवळ मुभाच नव्हती, आणि त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांत ते पद हुकलेले लोक होते. १९९७ मध्ये त्यांना दुसरी मुदत मिळाली नाही. २००२ मध्ये विल्यम ब्रॅटन आले तेव्हा खातं न्यायालयाच्या देखरेखीखालच्या सुधारणा-कराराने बांधलेलं होतं. त्या कराराच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी जेराल्ड शॅलेफ या वकिलाला वरचं पद दिलं. शॅलेफ आधी नागरी पोलीस आयोगाचे अध्यक्ष होते. पण ब्रॅटननी सगळीच माणसं बाहेरून आणली नाहीत. खात्यातले होतकरू अधिकारी हेरून वर काढले. त्यांतलेच चार्ली बेक २००९ मध्ये प्रमुख झाले. म्हणजे बाहेरच्याने घरचा वारस तयार केला.

तेव्हा तुमच्या शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमावलीत, शोधा: नागरी सेवेच्या नियमांबाहेरची किती पदं प्रमुख स्वतः भरू शकतो? एक किंवा शून्य असेल तर बाहेरच्याचे हात बांधलेले आहेत. निदान तीन पदं मोकळी करून घ्या: उपप्रमुख, अंतर्गत चौकशीचा प्रमुख आणि आकडेवारी व अर्थसंकल्प बघणारा बिगरपोलीस अधिकारी. तिसरं पद लोक हमखास विसरतात. ओव्हरटाइमचा पैसा कुठे मुरतो हे त्याच्याशिवाय कळत नाही.

कावेरी७

मला यात घरच्या उमेदवारावर अन्याय होतोय असं वाटतं. ‘घरचा’ ही एकच जात नाही. वीस वर्षं एकाच गटाबरोबर वर चढलेला वेगळा आणि मतभेदामुळे बाजूला टाकलेला वेगळा. न्यू जर्सीतल्या कॅमडेनमध्ये २०१३ साली शहराचं खातं बरखास्त करून काउंटीचं (जिल्ह्याचं) नवं खातं उभं केलं, तेव्हा प्रमुख स्कॉट थॉमसन हे जुन्याच खात्याचे होते. अधिकाऱ्यांना नव्याने अर्ज करावे लागले, जुना करार गेला. माणूस तोच, चौकट बदलली.

मधला मार्गही आहे. रॉबर्ट मार्क १९६७ मध्ये लेस्टरहून लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत आले ते दुय्यम पदावर, आणि प्रमुख झाले १९७२ मध्ये. तोवर कुठल्या शाखेत काय शिजतंय हे त्यांना पुरतं ठाऊक झालेलं होतं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी त्यांनी ए-१० या नव्या शाखेकडे दिल्या आणि साध्या वेशातल्या तपास अधिकाऱ्यांच्या चौकशीला गणवेशातले अधिकारीही बसवले. त्यांच्या कारकिर्दीत जवळपास पाचशे जणांनी खातं सोडलं, बरेचसे कारवाई व्हायच्या आधीच.

एक सावधगिरी मात्र घरच्याच बाबतीत जास्त लागते. तो ओळखीचा असतो म्हणून त्याची पार्श्वभूमी कुणी नीट तपासत नाही. बाल्टिमोरमध्ये जानेवारी २०१८ मध्ये खात्यातल्याच डॅरिल डिसूझा यांचं नाव पुढे आलं. प्राप्तिकराची विवरणपत्रं न भरल्याबद्दल त्यांच्यावर मे महिन्यात केंद्र सरकारने खटला भरला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. कर, दिवाणी दावे, जुन्या तक्रारी, सगळं दोघांचंही सारख्याच काटेकोरपणे तपासा.

माधवी_क

खूप उपयोगी. दोन शंका. युनियनने घरच्या उमेदवाराला उघड पाठिंबा दिलाय, त्याला किती महत्त्व द्यायचं? आणि बाहेरचा निवडला तर त्याच्या करारात काय असावं?

जुनं_दप्तर

पाठिंबा आहे म्हणून पसंत करू नका आणि आहे म्हणून नाकारूही नका. त्या उमेदवाराने युनियनला काय कबूल केलंय ते मात्र विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. बाहेरच्यांबद्दल त्यांच्या आधीच्या शहरात जाऊन चौकशी करा: रात्रपाळीचे सार्जंट, गरीब आरोपींची बाजू मांडणारे सरकारी बचाव वकील आणि पोलिसांवर दावे लावणारे वकील, हे तिघे तरी गाठाच. उमेदवाराने दिलेल्या संदर्भांच्या यादीतली माणसं गोडच बोलणार.

पश्चिम_किनारा

कराराबद्दल. तो कुणाला जबाबदार आणि कोण काढू शकतो हे एका वाक्यात सांगता यायला हवं. ओकलंडमध्ये २०२० साली महापौर आणि नागरी पोलीस आयोगाने मिळून अ‍ॅन कर्कपॅट्रिक यांना कारण न देता काढलं. त्या बाहेरूनच आल्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. कारण न देता काढल्यास सहा ते बारा महिन्यांचा पगार देण्याची तरतूद ठेवा, म्हणजे नोकरी जाण्याच्या भीतीने तो गप्प बसणार नाही.

परिषदेला अंधारात ठेवून नाव आणू नका. मायामीत २०२१ मध्ये आर्ट अ‍ॅसेव्हेडो हे ह्यूस्टनहून अर्जदारांच्या यादीबाहेरून आणले गेले. महापौरांचा वरदहस्त होता, पण शहर आयोगातल्या (तिथली नगर परिषद) काही सदस्यांशी त्यांचं जमलं नाही आणि साधारण सहा महिन्यांत आयोगाने त्यांना एकमताने काढलं.

शिवाय राज्याचं पोलीस प्रमाणपत्र त्याला किती दिवसांत मिळेल ते विचारून ठेवा. काही ठिकाणी परराज्यातल्या अधिकाऱ्याला परीक्षा किंवा प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं आणि तोवर अटकेचे अधिकार नसतात. रुजू व्हायच्या तारखेआधी हे उरकलं नाही तर पहिल्याच आठवड्यात बातमी होते.

कावेरी७

मुलाखतीसाठी एक सुचवते. नावं काढून तुमच्याच खात्यातली, मुदत संपायला सहा आठवडे उरलेली चौकशीची फाइल प्रत्येक अंतिम उमेदवाराच्या हातात द्या. पाऊण तास वाचायला, पंधरा मिनिटं बोलायला. कोणता साक्षीदार विचारायचा राहिलाय, कोणतं चित्रीकरण मागवलेलं नाही, सार्जंटला जबाबदार धरायचं की नाही आणि उद्या सकाळी पहिला फोन कुणाला करणार, एवढंच विचारा. फाइल खात्यातल्या उमेदवाराच्या ओळखीची निघू नये म्हणून ती त्याने कधीच न सांभाळलेल्या विभागातली निवडा, आणि सगळ्यांना तीच द्या.