गोधडीचे तुकडे कापायला डाय-कटिंग मशीन घेऊ का? मदत हवी आहे

मंडळी, मी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवते. वरचा थर चौकोन-त्रिकोण जोडून करते. शिवायचा कंटाळा नाही, कापण्यानं मनगट गेलंय. रोटरी कटरनं (गोल फिरत्या पात्यानं) दोनशे त्रिकोण कापले की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता येत नाहीत. शिवाय शेवटचे पन्नास कमीजास्त होतात, मग टोकं जुळत नाहीत ती नाहीतच.

दिवाळीत भाची अमेरिकेतून येतेय. तिला अ‍ॅक्युक्विल्ट कंपनीचं 'गो' आणायला सांगू का? पात्यांच्या साच्यावर कापड ठेवून रोलरखालून दाबून काढायचं, असं ते मशीन. हँडलचं की विजेवरचं? तिकडची वीज 120 व्होल्ट, आपली 230.

आधी मैत्रिणीच्या कागदकामाच्या छोट्या मशीनवर करून पाहिलं. फोममध्ये पाती असलेला चौकोनाचा डाय, म्हणजे साचा, त्यावर साडीचे सहा थर, वर प्लॅस्टिकचा मॅट. बाहेर आलं ते एका बाजूनं ताणलेलं, आणि कडेला धागे तसेच लोंबत. माझं काय चुकलं?

प्रतिसाद

ताई, सहा थर सांगतात ते क्विल्टिंगच्या, म्हणजे तिकडच्या गोधडीकामाच्या, घट्ट सुती कापडाचे. वापरून मऊ झालेली साडी रोलरखाली सरकते. खळ घालून कडक इस्त्री करा आणि चारच थर घ्या. उभा धागा रोलरमध्ये शिरायच्या दिशेनं ठेवा. आडवा धागा जास्त ताणतो, तुमचे चौकोन बहुतेक त्यामुळेच लांबले. धागे लोंबतात ते मॅटमुळे: एकाच जागी चरे पडले की तिथं पातं कापत नाही. मॅट दरवेळी उलटा, फिरवा. डाय जरा तिरका सरकवलात तर लांब पातं एकदम रोलरखाली येत नाही, हँडल हलकं जातं.

हँडलचंच घ्या. त्याला जोर खांद्याचा लागतो, आणि ट्रान्सफॉर्मर सांभाळत बसावा लागत नाही. डाय मात्र ढीगभर मागवू नका, जड असतात, भाचीची बॅग त्यातच भरेल. अर्ध-चौकोनी त्रिकोणाचा (चौकोन कर्णावर अर्धा केला की होतो तो) एक पुरे. त्यात पाव इंच शिलाई धरलेली असते, टोकंही छाटून येतात. पण मैत्रिणीच्या मशीनमध्ये 'गो'चे रुंद डाय शिरणार नाहीत हं.

मूळ धागाकर्ती

साबुदाण्याची खळ घातली, मॅट उलटवला. बारा चौकोन काढले, अकरा अगदी काटकोनात. बारावा जरीच्या काठाचा होता, लोभ सुटला नाही.