शब्दचर्चा : पान जोखणे, मेळ आणि सांगड

तिरफळ
‘अर्कम हॉरर : द कार्ड गेम’ हा २०१६ साली आलेला सहकारी पत्त्यांचा खेळ आमच्याकडे नेमाने मांडला जातो. १९२०च्या दशकातलं मॅसॅच्युसेट्समधलं एक काल्पनिक गाव, तिथे जागं होऊ पाहणारं काहीतरी अघोरी, आणि त्याच्याविरुद्ध आपण सगळे एका बाजूला. घरात बोलणं मराठीत चालतं, पण कुठलं पान कॅटमध्ये (खेळाआधी आपण निवडलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) घ्यावं ही चर्चा निघाली की अर्धं वाक्य इंग्रजी होतं. खेळाची, पानांची नावं इंग्रजी राहोत, त्याबद्दल तक्रार नाही. पान चांगलं की सुमार हे ठरवतानाचे शब्द मात्र आपले हवेत, कारण मुलं शब्द वापरतात आणि नेमकं काय म्हणायचंय ते त्यांनाही सांगता येत नाही. इव्हॅल्युएट, कॉम्बो, सिनर्जी यांना काय म्हणावं? ‘मूल्यमापन’ परीक्षा मंडळाचं वाटतं आणि ‘संयोग’ रसायनशास्त्राचा.

निशाचर
पहिल्यासाठी ‘जोखणे’ घ्या. ‘पारखणे’ मला कमी पडतं. पारख वस्तूच्या अंगच्या गुणाची असते. हिऱ्याची, घोड्याची, माणसाची. जोखायचं तर दुसऱ्या पारड्यात काहीतरी ठेवावं लागतं, आणि या खेळात काय ठेवायचं ते नियमांनीच सांगितलं आहे. तुमच्या पाळीला ३ चाली मिळतात. एक चाल खर्चून एक पान ओढता येतं किंवा एक पैसा घेता येतो. म्हणजे ढोबळमानाने चाल, पान आणि पैसा यांचं वजन सारखं.

‘इमर्जन्सी कॅश’ खेळायला पैसे लागत नाहीत, एक चाल जाते आणि ३ पैसे हाती येतात. त्या पानाचं स्वतःचं वजन १ धरलं तर २ गेले, ३ आले. बरं पान आहे, जीव टाकावा असं नाही.

आता ‘वर्किंग अ हंच’ जोखा. २ पैसे आणि ते पान (याला चाल लागत नाही), म्हणजे ३ चालींचा ऐवज, आणि मिळतो एकच सुगावा, म्हणजे जागेवर तपास करून गोळा करायचा धागादोरा. साधा तपास जमला तर एका चालीत एक सुगावा देतो. या हिशेबाने पान टाकाऊ ठरतं, तरी सीकर (तपासावर भर देणारा वर्ग) खेळणारे जाणते लोक ते आवडीने घेतात. त्यात कसोटीच नाही. यश की अपयश ठरवायला पिशवीतून टोकन ओढायचं नाही, हमखास अपयशाचं टोकन निघायची धास्ती नाही. जिथे तपास अवघड आहे अशा जागेवरचा शेवटचा सुगावा ते बिनबोभाट देतं. वजन करताना जोखीमही पारड्यात टाकावी लागते, ती अशी. पैसा दर फेरीला एकेक करून आपोआप येत राहतो आणि चाली मात्र ऐन अडचणीत संपतात, हेही धरायला हवं. सारखं वजन हा फक्त पहिला अंदाज.

सोंगटी
जोखणे मान्य. पण ‘चाल’ आणि ‘पाळी’ काटेकोर वेगळे ठेवा. आपण ‘आता तुझी चाल’ असं सहज म्हणतो आणि तेव्हा मनात पाळी असते. बुद्धिबळात ते खपतं, कारण एका पाळीला एकच चाल. इथे एका पाळीत तीन, त्यामुळे नवा माणूस गोंधळतो.

‘फास्ट’ पानांना कुणीतरी ‘झटपट’ म्हणताना ऐकलंय. ते नको. झटपटपणाचा प्रश्नच नाही, त्या पानाला चाल लागत नाही एवढंच. पैसे तर मोजावेच लागतात. ‘बिनचालीचं पान’ म्हणावं. शत्रू अंगाला भिडलेला असताना लढणे, निसटणे, बोलणी करणे किंवा माघार घेणे सोडून दुसरी कुठलीही चाल केली तर तो मध्येच वार करतो. बिनचालीचं पान खेळलं तर करत नाही. हा फायदा ‘झटपट’मध्ये दिसत नाही, ‘बिनचालीचं’मध्ये दिसतो.

बाकी ‘एक्झॉस्ट’ला, म्हणजे पान वापरून झाल्याची खूण करण्याला, आम्ही सरळ ‘आडवं करणे’ म्हणतो, पान खरंच आडवं होतं. कमिट, म्हणजे कसोटीला बळ द्यायला हातातलं पान टाकणे, याला ‘खर्ची घालणे’. ‘पणाला लावणे’ चालणार नाही, कारण पणात जिंकलं तर परत मिळतं. इथे कसोटी जिंका की हरा, पान जातंच.

दर्यावर्दी
कॉम्बो आणि सिनर्जी या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींना मराठी शब्द तयार आहेत. सिनर्जी म्हणजे मेळ. कॉम्बो म्हणजे सांगड.

सांगड मूळची पाण्यातली : दोन होड्या एकमेकींना बांधून केलेला तराफा. एक सुटली की सगळंच बुडालं. मेळाचं तसं नसतं. ‘रॅबिट्स फूट’ कसोटी फसली की एक पान देतं. ‘टेक हार्ट’ फसलेल्या कसोटीवर २ पानं आणि २ पैसे देतं. ‘लुक व्हॉट आय फाउंड’ हे तपास २ किंवा त्याहून कमी फरकाने फसला तर २ सुगावे देतं. सर्व्हायव्हर या वर्गाच्या कॅटमध्ये ही तिन्ही असली तर अपयशावरच घर चालतं. पण यातलं एकच पान हाती आलं तरी ते आपलं काम करतं. हा मेळ.

सांगडीत एक पान दुसऱ्यावाचून मुकं असतं. माझा आग्रह आहे की कुणी ‘भारी कॉम्बो आहे’ म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारावा : मेळ की सांगड? मेळ असेल तर पानं एकेकटी जोखा. सांगड असेल तर दोन्ही हातात यायची शक्यता आधी बघा.

३० पानांचा कॅट, दोन्ही पानांच्या दोन-दोन प्रती. सुरुवातीची ५ आणि पुढच्या ५ फेऱ्यांची ५ अशी १० पानं पाहिलीत, तर ठरावीक एक पान दिसण्याची शक्यता साधारण ५६ टक्के. दोन्ही दिसण्याची ३० टक्के. सुरुवातीची नको असलेली पानं एकदा बदलता येतात, जादा पानं ओढून देणारी पानंही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा वाढतो. तरी ५६ वरून ३० वर उतरणं म्हणजे सांगडीची किंमत.

निशाचर
दर्यावर्दी, ही वाटणी आवडली, पण एक जोडी तुमच्या दोन्ही डब्यांत बसत नाही. ‘डार्क हॉर्स’ : जवळ एकही पैसा नसेल तर आपल्या पात्राच्या चारही गुणांना अधिक १. ‘फायर ॲक्स’ : पैसा नसेल तर वाराचं नुकसान १ने वाढतं, आणि हल्ल्याच्या वेळी पैसे खर्चून बळ वाढवता येतं. दोन्ही एकेकटी चालतात, म्हणून मेळ म्हणावं. पण डार्क हॉर्सची अडचण अशी की दर फेरीला एक पैसा येऊन पडतो आणि खिसा रिकामा ठेवणं अवघड जातं. फायर ॲक्स तो पैसा हल्ल्यातच उडवते. पहिल्याची उणीव दुसऱ्याने भरून निघते. याला नुसतं मेळ म्हणणं अपुरं वाटतं.

दर्यावर्दी
त्याला ‘पूरक’ म्हणू. सांगड नाहीच, कारण डार्क हॉर्सवाल्याला खिसा रिकामा करायला इतर मार्गही असतात. शब्दांचे डबे घट्ट नकोत, एवढं मान्य.

तिरफळ
माझा प्रश्न. सांगडीतलं एक अंग आधीपासूनच मांडलेलं असेल तर? रोलंड बँक्स हा तपासनीस, म्हणजे खेळाडूने घ्यायचं पात्र, घ्या. शत्रू मारला की फेरीत एकदा त्याला एक सुगावा मिळतो. ‘एव्हिडन्स’ हे पान शत्रू मारल्यावर एका पैशात एक सुगावा देतं. रोलंड टेबलावर असणारच, त्याला ओढावं लागत नाही.

दर्यावर्दी
मग तुमची शक्यता पुन्हा ५६वर आली. म्हणूनच तपासनिसाशी जुळणारी पानं आधी बघायची आणि पान-पान जुळणी नंतर. ‘हायर एज्युकेशन’ही असंच. ते कायमस्वरूपी पान आहे, खेळ सुरू होतानाच समोर असतं. हातात ५ किंवा जास्त पानं असली की एक पैसा देऊन बुद्धी वाढवता येते. ‘डॉ. मिलन ख्रिस्तोफर’ सोबत असेल तर यशस्वी तपास पैसा देतो, पैशाने बुद्धी वाढते, वाढल्या बुद्धीने पुढचा तपास जमतो. ओढायला लागतो तो फक्त डॉक्टर. ही जोडी इतकी चालली की प्रकाशकांच्या ऐच्छिक निर्बंध-यादीत हायर एज्युकेशन कॅटमध्ये घेताना अनुभवात मोजायची किंमत वाढवली गेली आणि मिलनलाही लगाम बसला.

सोंगटी
यावरून आणखी एका शब्दाची गरज दिसते. हायर एज्युकेशन भरल्या हातालाच फळतं. हात रिकामा झाला की गप्प. अशा पानाला मी ‘सुकाळातलं पान’ म्हणेन आणि डार्क हॉर्सला ‘दुष्काळातलं’. जोखताना सुकाळातल्या पानाला थोडं कमी वजन द्यावं, कारण डाव हातातून सुटत असतो तेव्हाच मदत हवी असते.

आणि ‘को-प्लेअर’ कशाला, ‘भिडू’ आहे की. शब्द पत्त्यांतलाच आहे. इथे भिडूच्या कसोटीला त्याच जागेवर उभा असलेला प्रत्येक जण एक पान खर्ची घालू शकतो. म्हणून कसोटीला बळ देणारी पानाच्या कडेची चिन्हंही जोखायची. ‘अनएक्स्पेक्टेड करेज’वर कुठल्याही कसोटीला चालणारी दोन चिन्हं आहेत, एकटं खेळताना मी ते कधी कधी वगळते, चौघांत खेळताना नेहमी ठेवते.